ऐकणाऱ्याचे मौन, सांगणाऱ्याचा हक्क

विशेष प्रतिनिधी

मदर तेरेसा यांच्या निधनाला दहा वर्षे पूर्ण होत असताना, २००७ साली, त्यांच्या खासगी पत्रांचा संग्रह इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. कोलकात्याच्या रस्त्यांवर मरणोन्मुख पडलेल्यांची सेवा करणाऱ्या या संन्यासिनीला जवळजवळ अर्धशतक परमेश्वराच्या सान्निध्याचा अनुभव येत नव्हता, अंतर्यामी केवळ काळोख होता, हे त्या पत्रांतून सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचले. त्यांच्या श्रद्धेवर भरपूर चर्चा झाली. दुसऱ्या एका प्रश्नाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ही पत्रे मुळात कुणाची होती?

मदर तेरेसा यांनी ती जगासाठी लिहिलेली नव्हती. ती होती त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना आणि कोलकात्याच्या आर्चबिशपांना लिहिलेली. ती नष्ट करावीत, अशी विनंती त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा केली होती. कार्याचा आरंभ कसा झाला हे कळले की लोक येशूपेक्षा आपलाच अधिक विचार करतील, अशी त्यांची धास्ती होती. तरीही अनेक पत्रे जपली गेली आणि अखेर छापली गेली.

मनातले अतिशय आतले असे काही एखाद्या विश्वासाच्या व्यक्तीपाशी बोलले, तर त्या शब्दांवर हक्क कुणाचा राहतो? बोलणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा, की ज्या संस्थेच्या छायेत दोघे बसले आहेत तिचा? कॅथलिक चर्चमध्ये हा प्रश्न फार जुना आहे. गेल्या काही वर्षांत तो केवळ धार्मिक न राहता कायद्याचा आणि पीडितांच्या न्यायाचाही झाला आहे.

कुमसार वेगळा, मार्गदर्शन वेगळे

पापनिवेदन, अर्थात कन्फेशन, गोव्यात ज्याला ‘कुमसार’ म्हणतात, तो विधी चित्रपटांमुळे बहुतेकांना ऐकून माहीत असतो. श्रद्धावंत धर्मगुरूपाशी पापांची कबुली देतो, धर्मगुरू परमेश्वराच्या नावाने क्षमा देतो. चर्चच्या सात संस्कारांपैकी हा एक. या कबुलीच्या गुप्ततेला अपवाद नाही. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ कॅथलिकाला वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले आणि त्याच ठरावात गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून आजन्म प्रायश्चित्तासाठी मठात धाडण्याची शिक्षा सांगितली. १९८३ च्या विद्यमान कॅनन कायद्यातील ९८३ वे कलम हीच परंपरा पुढे नेते. शब्दाने, खुणेने, कोणत्याही रीतीने आणि कोणत्याही कारणासाठी कबुली उघड करता येत नाही. ती थेट उघड करणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार फक्त व्हॅटिकनकडे असतो. २०२१ साली अमलात आलेल्या सुधारित दंडसंहितेत कबुलीचे यंत्राद्वारे मुद्रण करून ती दुष्ट हेतूने पसरवणेही गुन्हा ठरवले आहे.

आध्यात्मिक मार्गदर्शन हा यापेक्षा निराळा प्रकार आहे. तो संस्कार नव्हे. त्यात क्षमादान नसते, विशिष्ट वस्त्रे नसतात, जाळीची खिडकीही नसते. दोन माणसे साध्या खोलीत समोरासमोर बसतात. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तासभर. एकाने आपल्या प्रार्थनेविषयी, संशयांविषयी, राग-लोभांविषयी, विवाह करावा की संन्यास घ्यावा अशा निर्णयांविषयी बोलायचे. दुसऱ्याने ऐकायचे, प्रश्न विचारायचे, क्वचित सल्ला द्यायचा. मार्गदर्शक धर्मगुरूच असला पाहिजे असे नाही. सिस्टर किंवा संसारी स्त्री-पुरुषही हे काम करतात. पापनिवेदनात केवळ अपराध सांगितले जातात. येथे अवघे आयुष्य उलगडते. किंबहुना अनेकदा कुमसारात सांगितले जाते त्याहून पुष्कळ अधिक येथे सांगितले जाते.

आणि नेमके येथेच कबुलीला असलेले ते अभेद्य कुलूप नाही. मग काय आहे?

अविलाच्या तेरेसेची तक्रार

या उणिवेचा चटका बसलेली एक प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत, अविलाची तेरेसा (१५१५-१५८२). प्रार्थनेत आपल्याला येणारे विलक्षण अनुभव खरे की भ्रम, या भीतीपोटी तिने काही धर्मगुरूंचा आणि एका धार्मिक गृहस्थाचा सल्ला घेतला. गोष्ट षट्कर्णी झाली आणि गावभर पसरली. आपल्या आत्मचरित्रात तिने याविषयी स्पष्ट नाराजी नोंदवली आहे. कबुलीत सांगितलेले कुणी फोडले, असा तिचा आरोप नव्हता. परंतु प्रकाश मिळावा म्हणून ज्यांच्यापुढे आपण मन मोकळे केले, त्यांनी गप्प राहायला हवे होते, असे तिचे म्हणणे होते. विशेषतः स्त्रियांना मार्गदर्शन करणाऱ्यांनी मौनाची काळजी घ्यावी, असेही ती सुचवते.

त्या काळच्या स्पेनमध्ये ही बाब केवळ अब्रूची नव्हती. गूढ अनुभव सांगणाऱ्या स्त्रीकडे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, संशयाने पाहत असे. तेरेसेचे आत्मचरित्रही मार्गदर्शकांच्या आज्ञेवरून लिहिले गेले आणि पुढे १५७५ साली ते याच न्यायालयाच्या हाती पोहोचले. मार्गदर्शकासाठी लिहिलेला मजकूर परक्या टेबलावर जाण्याचे हे उदाहरण मदर तेरेसांच्या चारशे वर्षे आधीचे आहे.

तिचेच समकालीन, येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या आपल्या पुस्तिकेत एक शहाणी मर्यादा घालून दिली. साधकाचे खासगी विचार आणि पापे यांची चौकशी मार्गदर्शकाने करू नये. त्याच्या अंतःकरणात कोणती आंदोलने उठत आहेत तेवढे मात्र जाणून घ्यावे. गुप्तता पाळण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे अनावश्यक विचारायचेच नाही, हे तत्त्व आजच्या समुपदेशकांनाही परके वाटू नये.

दोन दालने

कॅनन कायदा या प्रश्नाकडे एका मूलभूत भेदातून पाहतो. माणसाच्या सद्सद्विवेकाचे एक आंतरिक दालन आहे आणि कारभाराचे, नेमणुकांचे, शिक्षेचे एक बाह्य दालन आहे. आतल्या दालनात समजलेली गोष्ट बाहेरच्या दालनात वापरायची नाही, हा नियम. पापनिवेदन हा आतल्या दालनाचा संस्कारयुक्त भाग, तर आध्यात्मिक मार्गदर्शन हा संस्काराविना असलेला भाग.

या नियमाचा सर्वात कडक वापर सेमिनरीत, म्हणजे भावी धर्मगुरूंच्या प्रशिक्षणसंस्थेत, दिसतो. गोव्यातील राशोल असो, मुंबईत गोरेगावचे सेंट पायस कॉलेज असो किंवा १९५५ साली श्रीलंकेतील कँडीहून पुण्यात आलेली पेपल सेमिनरी असो, व्यवस्था सर्वत्र तीच. रेक्टर आणि अन्य प्रशिक्षक विद्यार्थ्याचे मूल्यमापन करतात. आध्यात्मिक मार्गदर्शक त्या विद्यार्थ्याला सर्वाधिक ओळखतो, तरीही दीक्षा द्यावी की नाही, संस्थेतून काढावे की नाही, याविषयी त्याचे मत विचारताच येत नाही. कॅनन कायद्याच्या २४० व्या कलमात तसे स्पष्ट म्हटले आहे. मार्गदर्शकाला एखादा विद्यार्थी या मार्गास लायक वाटत नसेल, तर तसे तो त्या विद्यार्थ्यालाच सांगू शकतो, पुन्हा पुन्हा सांगू शकतो. रेक्टरच्या दारात जाऊन मात्र सांगू शकत नाही.

हे विचित्र वाटेल. परंतु त्यामागचा तर्क सरळ आहे. सांगितलेले आपल्याविरुद्ध वापरले जाईल अशी शंका आली, तर कोणताही विद्यार्थी खरे बोलणार नाही. तो मार्गदर्शकापुढेही परीक्षेला बसल्यासारखा बसेल. मग ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे, तोच सर्वात गोड बोलून निघून जाईल.

संन्यस्त संघांतही हाच धडा अनुभवातून शिकावा लागला. एकोणिसाव्या शतकापर्यंत अनेक मठांत वरिष्ठ आपल्या हाताखालच्या सिस्टरना वा ब्रदरना मनातले सारे सांगावयास भाग पाडत. ज्याच्या हाती बदली, काम आणि परवानगी, त्याच्याच हाती मनाची चावी! पोप तेरावे लिओ यांच्या काळात १८९० साली व्हॅटिकनने हुकूमनामा काढून ही सक्ती मोडीत काढली. आजच्या कॅनन कायद्याचे ६३० वे कलम तेच सांगते. सदस्याने स्वेच्छेने वरिष्ठापाशी मन मोकळे करावे, पण वरिष्ठाने त्याला तसे करण्यास कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करू नये. येशूसंघात वरिष्ठाला अंतरंगाचा वृत्तांत देण्याची परंपरा आजही आहे; तेथे वरिष्ठावर गुप्ततेची जबाबदारी अर्थातच दुप्पट येते.

या सर्व नियमांचा पाया २२० व्या कलमात आहे. कुणाचीही अब्रू अन्यायाने डागाळू नये आणि कुणाच्याही खासगीपणाच्या हक्काचा भंग करू नये, असे ते कलम म्हणते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. चर्चच्या कायद्यात तो १९८३ पासून लिहिलेला आहे.

संतपदाचा पेच

व्हॅटिकनच्या पापक्षालन विभागाने जून २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने एक टिपण तयार केले. आध्यात्मिक मार्गदर्शन हे संस्काराच्या गुप्ततेच्या कक्षेत येत नसले तरी त्याला विशेष गोपनीयता आहे, आणि ती व्यक्तीच्या खासगीपणाच्या हक्कातून येते, असे त्यात म्हटले आहे. दाखल्यादाखल त्यात सेमिनरीच्या नियमाबरोबर संतपदाच्या प्रक्रियेचाही उल्लेख आहे. एखाद्या व्यक्तीला संत घोषित करण्यासाठी चौकशी होते, तेव्हा तिचा कबुली ऐकणारा धर्मगुरू साक्षीदार होऊ शकत नाही. तिचा आध्यात्मिक मार्गदर्शकही अंतःकरणाच्या दालनात ऐकलेल्या गोष्टींविषयी साक्ष देऊ शकत नाही. व्यक्ती मरण पावली तरी हे बंधन सुटत नाही.

येथे मदर तेरेसांच्या पत्रांचा पेच लक्षात येतो. मार्गदर्शकाने तोंडाने सांगायचे नाही, हा नियम. पण त्याच चौकशीत त्या व्यक्तीचे प्रकाशित-अप्रकाशित सर्व लेखन गोळा करणे हाही नियमच. त्यामुळे जे कानात सांगितले ते सुरक्षित राहिले आणि जे कागदावर लिहिले ते पुरावा ठरले. मदर तेरेसांचा पत्रव्यवहार असलेल्यांमध्ये फादर सेलेस्ट व्हॅन एक्झेम, फादर लॉरेन्स पिकाची आणि आर्चबिशप फर्डिनांड पेरिये होते, तसेच पुण्याच्या डी नोबिली कॉलेजातील ऑस्ट्रियन धर्मशास्त्रज्ञ फादर जोसेफ नॉयनर हेही होते. मदर तेरेसांना आपल्या काळोखाचा अर्थ लावण्यास मदत करणारे मार्गदर्शक म्हणून नॉयनर यांचा उल्लेख नेहमी होतो. वयाची शंभरी ओलांडल्यावर २००९ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले.

पत्रे छापणे योग्य होते काय? ती मदर तेरेसांच्या पावित्र्याचा पुरावा आहेत आणि तशाच काळोखातून जाणाऱ्या असंख्य माणसांना त्यांनी धीर दिला, हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु लिहिणारीची इच्छा उलट होती, हेही तितकेच खरे. २०१६ साली त्यांना संत घोषित करण्यात आले; तो प्रश्न मात्र मिटलेला नाही.

मौनाची उलटी बाजू

गुप्ततेचा हक्क बोलणाऱ्याचा. तो ऐकणाऱ्याने आपल्या बचावासाठी वापरला, तर काय घडते याचे विदारक उदाहरण ‘लार्श’ या संस्थेने स्वतःच जगापुढे ठेवले. मतिमंदत्व असलेल्या व्यक्तींसाठी १९६४ साली फ्रान्समध्ये ही चळवळ सुरू करणारे कॅनेडियन विचारवंत जाँ व्हानिए हे धर्मगुरू नव्हते, पण आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून त्यांची ख्याती जगभर होती. २०१९ साली त्यांचे निधन झाले. संस्थेनेच नेमलेल्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये आला. किमान सहा स्त्रियांचे त्यांनी बहुधा आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या निमित्ताने शोषण केल्याचे त्यात नमूद होते. २०२३ च्या विस्तृत अहवालाने हा आकडा किमान पंचवीसवर नेला. व्हानिए यांचे गुरू, फादर तोमा फिलिप यांना अशाच कृत्यांसाठी व्हॅटिकनने १९५६ सालीच शिक्षा केली होती. त्या स्त्रियांना हे सारे पवित्र असल्याचे सांगितले जाई आणि कुणाला सांगू नये, असेही बजावले जाई.

येथे फरक नीट पाहायला हवा. मार्गदर्शनाची गोपनीयता मार्गदर्शकाला बांधते. मार्गदर्शन घेणाऱ्याला नव्हे. त्या खोलीत काय घडले हे तो कुणालाही सांगू शकतो: मित्राला, दुसऱ्या धर्मगुरूला, बिशपला, पोलिसांना. ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’, असे मार्गदर्शकच म्हणू लागला, तर नियम डोक्यावर उभा राहिला असे समजावे. मौनाचे ओझे दुबळ्या बाजूवर पडते तेव्हा त्याला गुप्तता म्हणत नाहीत, दडपण म्हणतात.

कायदा काय म्हणतो?

बालकांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे उघडकीस येऊ लागल्यावर अनेक देशांनी पापनिवेदनाच्या गुप्ततेलाही आव्हान दिले. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने २०१७ साली तशी शिफारस केली आणि व्हिक्टोरिया, क्वीन्सलँडसह काही राज्यांनी पुढील दोन-तीन वर्षांत कायदे केले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने मे २०२५ मध्ये असाच कायदा केला. संघराज्य न्यायालयाने जुलैमध्ये त्याला पापनिवेदनापुरती स्थगिती दिली आणि नंतर राज्यानेही तेवढ्यापुरती माघार घेतली. परंतु कबुलीबाहेर समजलेल्या गोष्टींची माहिती धर्मगुरूंनी देण्याचे बंधन कायम राहिले. आध्यात्मिक मार्गदर्शन या ‘कबुलीबाहेर’च्या प्रांतात पडू शकते, हे ध्यानात घ्यावे.

भारतात चित्र अधिक स्पष्ट आहे. १८७२ चा पुरावा कायदा आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणारा भारतीय साक्ष अधिनियम, दोन्हींत पती-पत्नीतील तसेच वकील-पक्षकारांतील संवादाला संरक्षण आहे. धर्मगुरूचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याचे १९ वे कलम तर बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या ‘कोणत्याही व्यक्ती’वर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घालते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

चर्चचा स्वतःचा २०१९ सालचा, २०२३ मध्ये सुधारलेला नियम शोषणाची माहिती वरिष्ठांना देणे धर्मगुरूंना बंधनकारक करतो. अंतःकरणाच्या दालनात समजलेल्या माहितीला मात्र सूट देतो. त्याच नियमावलीत प्रत्येक देशातील कायद्याची बंधने अबाधित राहतील, असेही म्हटले आहे. तेव्हा भारतातील मार्गदर्शकाला एका हाताने सूट आणि दुसऱ्या हाताने बंधन, अशी कसरत करावी लागते.

या कसरतीतून वाट काढण्यास चर्चची शिकवणच मदत करते. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात कबुलीची गुप्तता निरपवाद म्हटली आहे. पण व्यवसायापोटी वा विश्वासाने मिळालेल्या अन्य गुपितांना एक अपवाद मान्य केला आहे. गुपित राखल्याने सांगणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे किंवा तिसऱ्या व्यक्तीचे अतिशय गंभीर नुकसान होणार असेल आणि ते टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तर ते उघड करता येते. शोषण होत असलेले बालक ही ती तिसरी व्यक्ती नव्हे, असे कोण म्हणेल?

पहिल्याच भेटीत विचारावे असे

या साऱ्याचा व्यवहारातील अर्थ असा की, मार्गदर्शनास जाणाऱ्याने काही गोष्टी पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घेणे हिताचे. ही भेट पापनिवेदनाची की केवळ बोलण्याची? दोन्ही एकाच बैठकीत होणार असतील, तर एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते? आपल्या नेमणुकीवर, नोकरीवर वा प्रवेशावर या व्यक्तीचा अधिकार चालतो काय? चालत असेल, तर दुसरी व्यक्ती शोधणे उत्तम. टिपणे ठेवली जातात काय, आणि पुढे त्यांचे काय होते? कोणत्या परिस्थितीत मौन मोडावे लागेल?

प्रशिक्षित मार्गदर्शक या मर्यादा आरंभीच सांगतो. आपल्या कामाविषयी ज्येष्ठांशी चर्चा करताना तो नाव-गाव येऊ देत नाही. अर्थात, केवळ नाव वगळून भागत नाही. वसईतल्या एखाद्या आळीत ‘एक शिक्षिका, दोन मुले, नवरा आखातात’ एवढे म्हटले तरी ती कोण हे सर्वांना कळते. प्रवचनात दृष्टांत म्हणून सांगितलेली अशी कहाणी, सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, विश्वास कायमचा तोडते.

आध्यात्मिक मार्गदर्शनाला कबुलीचे कुलूप नाही. ते बहुतांशी माणसाच्या विवेकावर उभे आहे. म्हणूनच ऐकलेल्या शब्दांवर आपली मालकी नाही, ती निव्वळ ठेव आहे, हे ऐकणाऱ्याने विसरून चालणार नाही. ठेव ठेवणाऱ्याला ती कधीही परत मागण्याचा, आणि हवे तर स्वतःच चारचौघांत उघडण्याचा, पूर्ण अधिकार असतो.